विभेदी दंतचक्रमालेचे वंगण

मोटारगाडीच्या चालक आसावरील मुख्य दंतचक्रजोडी, तिला जोडलेली विभेदी दंतचक्रमाला आणि या दोहोंचे धारवे यांना वंगण पुरविणारे दाट तेल. भारतातील कारागीर या भागाला डिफरन्शल व त्यातील तेलाला गिअर ऑइल म्हणतात. एंजिनातील तेलाप्रमाणे ते ज्वलनाच्या संपर्कात येत नाही व वारंवार बदलावेही लागत नाही. त्यामुळे त्याच्या निवडीकडे सामान्यतः दुर्लक्ष होते. तथापि गाडीतील सर्व वंगणांमध्ये सर्वांत कठीण काम याच तेलाला करावे लागते. या तेलाचा इतिहास दंतचक्राच्या दात्याच्या आकाराशी निगडित आहे. दात्याचा आकार बदलला तेव्हा जुने तेल अपुरे पडले, आणि नव्या दात्याला वाचविणारे तेल दुसऱ्या एखाद्या भागाला घातक ठरले. म्हणून योग्य तेल म्हणजे सर्वांत दाट किंवा सर्वांत प्रभावी तेल नव्हे. ज्या दंतचक्रासाठी व ज्या धातूंसाठी ते योजावयाचे त्यांना अनुरूप असलेले तेल होय.

रचना व कार्य : गाडी वळण घेत असता बाहेरच्या बाजूच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. दोन्ही चाके एकाच आसाला पक्की जोडली, तर त्यांतील एक चाक रस्त्यावर घासत जाईल. हे टाळण्यासाठी चालक आस मध्यभागी दुभागून त्याचे दोन अर्ध दंतचक्रांच्या एका लहान संचाने जोडतात. ही विभेदी दंतचक्रमाला होय. तिच्यामुळे दोन्ही चाकांना शक्ती मिळते. पण त्यांच्या वेगांत फरक पडू शकतो.

एंजिनाकडून येणाऱ्या चालक दंडाच्या टोकाला एक लहान दंतचक्र असते. त्याला पिनियन म्हणतात. ते क्राउन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोठ्या कडीसारख्या दंतचक्राला फिरविते. या जोडीमुळे गतीची दिशा काटकोनात वळते, तसेच वेग कमी होऊन पीळ वाढतो. सर्वसाधारण मोटारगाडीत ही वेगघट तीन ते पाच पट असते. सरळ रस्त्यावर विभेदी मालेतील लहान चक्रे एकमेकांच्या सापेक्ष जवळजवळ स्थिर असतात. क्राउन व पिनियन यांचे दाते मात्र गाडी चालू असेपर्यंत एकमेकांवर दाबले जात असतात. त्यामुळे विभेदी मालेच्या वंगणाचा प्रश्न मुख्यतः या जोडीच्या वंगणाचा प्रश्न आहे.

मागील आसाच्या बंद कवचात सामान्यतः तेलाचा पंप नसतो. क्राउनचा खालचा भाग तेलात बुडालेला असतो व फिरताना तोच तेल वर उचलून दात्यांवर आणि धारव्यांवर फेकतो. घर्षण कमी करणे, उष्णता कवचापर्यंत वाहून नेणे, गंज रोखणे व झिजेतून निघालेले धातूचे कण दात्यांपासून दूर नेणे ही सर्व कामे हे थोडेसे तेल करते.

आरंभीचा काळ : फ्रान्समधील घड्याळजी ओनेझीफॉर पेकर (१७९२–१८५२) यांनी १८२७–२८ मध्ये वाफेवर चालणाऱ्या गाडीसाठी विभेदी दंतचक्रमालेचे एकस्व घेतले. इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथील जेम्स स्टार्ली यांनी १८७७ मध्ये ही योजना तीनचाकी सायकलीत वापरली. कार्ल बेंट्स यांच्या १८८५–८६ च्या मोटारगाडीतही ती होती. या गाड्यांमधील शक्ती अल्प होती. चाकांकडे ती बहुधा उघड्या साखळीने नेली जाई व साखळीला चरबी किंवा ग्रीझ फासणे पुरेसे होत असे. लुई रनो यांनी १८९८ मध्ये बांधलेल्या छोट्या गाडीत साखळीऐवजी दंड व शंकूच्या आकाराची दंतचक्रे यांचा उपयोग केला. हळूहळू ही पद्धती रूढ झाली आणि दंतचक्रे बंद कवचात गेली. तेलाने भरलेले कवच ही या विषयाची खरी सुरुवात होय.

यंत्रयुगापूर्वीची वंगणे प्राणिज वा वनस्पतिज होती. बैलगाडीच्या आसाला एरंडेलासारखे तेल देण्याची रीत आपल्याकडेही होती. अशी तेले धातूच्या पृष्ठाला चांगली चिकटतात, पण हवेच्या संपर्काने आंबट व चिकट होतात. खनिज तेल टिकाऊ असते; मात्र त्याचा चिकटण्याचा गुण कमी असतो. प्रारंभीच्या मोटारगाड्यांमध्ये वाफेच्या एंजिनाच्या सिलिंडरासाठी तयार केलेले अतिशय दाट खनिज तेल वापरीत. अमेरिकेतील रॉचेस्टर येथे १८६६ मध्ये स्थापन झालेल्या व्हॅक्यूम ऑइल कंपनीचे ‘६००–डब्ल्यू’ हे अशा तेलांपैकी विशेष प्रसिद्ध होते. फोर्ड कंपनीच्या मॉडेल–ए या गाडीच्या (१९२७–३१) गिअरपेटीत व मागील आसात याच जातीचे तेल घालण्याची शिफारस होती. त्याचा मोठा दोष थंडीत दिसून येई. गोठू लागलेल्या तेलात क्राउन स्वतःपुरती खाच पाडून फिरे व तेल त्या खाचेत परत वाहून येत नसे. कवच तेलाने भरलेले असूनही दाते कोरडे राहत.

या काळातील शंकुदंतचक्रांचे दाते सरळ होते. असा एक दाता सुटून दुसरा लागताना धक्का बसे व आवाज होई. रॉचेस्टर येथीलच ग्लीसन कारखान्याने १९१३ मध्ये वक्र दात्यांची सर्पिल शंकुदंतचक्रे कापणारे यंत्र तयार केले. वक्र दात्यांमुळे एका वेळी एकाहून अधिक दाते भार घेतात व चाल शांत होते. या दंतचक्रांना दाट खनिज तेल पुरेसे होत असे, कारण त्यांचे दाते एकमेकांवर मुख्यतः लोळत जातात. दात्याच्या मध्यावर घसरण शून्य होते व तेथे तेलाचा थर सहज टिकतो.

हायपॉइड दंतचक्र : सर्पिल शंकुदंतचक्रांच्या जोडीत पिनियनचा अक्ष क्राउनच्या केंद्रातून जातो. त्यामुळे चालक दंड आसाच्या उंचीवरच ठेवावा लागतो व गाडीचा तळ त्याहून वर घ्यावा लागतो. पिनियनचा अक्ष क्राउनच्या केंद्राखाली सरकविला, तर दंड खाली येतो, तळ खाली घेता येतो व गाडीचा गुरुत्वमध्यही उतरतो. अशा जोडीला हायपॉइड दंतचक्र म्हणतात. तिचा विकास १९२० नंतरच्या दशकात ग्लीसन कारखान्यात झाला. मूळचे स्वित्झर्लंडचे अभियंते अर्न्स्ट व्हिल्डहाबर यांचा त्यात मोठा वाटा होता. पॅकार्ड या अमेरिकी कंपनीने १९२६ मध्ये आपल्या गाड्यांत ही जोडी बसविली. १९३० नंतरच्या दशकात इतर अमेरिकी कंपन्यांनीही तिचा स्वीकार केला.

हायपॉइड जोडीचा पिनियन जाड व बळकट असतो, आवाज अत्यल्प असतो व गाडीचा आकार सुधारतो. या लाभांची किंमत मात्र तेलाला द्यावी लागली. अक्ष सरकविल्यामुळे दाते केवळ लोळत नाहीत, तर आपल्या लांबीच्या दिशेने एकमेकांवर घसरतही जातात. ही घसरण संपर्काच्या कोणत्याही बिंदूवर शून्य होत नाही. संपर्काच्या अरुंद पट्ट्यात दाब दर चौ. सेंमी. ला हजारो किग्रॅ. इतका असतो. या दोहोंच्या संयोगाने तेलाचा थर फाटतो, पोलादाच्या पृष्ठावरील सूक्ष्म उंचवटे एकमेकांना भिडतात, क्षणभर वितळून जुळतात व लगेच फाटतात. दात्यावर ओरखडे उठतात. याला ओरबाडणे म्हणतात. साधे खनिज तेल कितीही दाट असले, तरी हायपॉइड दाते त्याने वाचत नाहीत. चांगल्या पोलादाचे, अचूक कापलेले नवे दंतचक्रही थोड्या अंतरात निकामी होऊ शकते.

अतिदाब तेले : या अडचणीवर उपाय रसायनशास्त्राने पुरविला. खनिज तेलात गंधक, क्लोरीन, फॉस्फरस किंवा शिसे यांची संयुगे अल्प प्रमाणात मिसळली असता ओरबाडणे थांबते, असे आढळून आले. अशा मिसळलेल्या द्रव्यांना पूरके व अशा तेलांना अतिदाब तेले म्हणतात. आरंभीच्या हायपॉइड तेलांत शिशाचा साबण व क्रियाशील गंधक असत. पुढे गंधक व क्लोरीन यांची संयुगे प्रचारात आली.

या तेलांच्या कार्यामागील तत्त्व लक्षात घेण्याजोगे आहे. दोन उंचवटे भिडतात त्या ठिकाणी क्षणापुरते तापमान एकदम वाढते. त्या उष्णतेने गंधकाचे संयुग फुटते व गंधक लोखंडाशी संयोग पावून आयर्न सल्फाइडाचा पातळ थर तयार होतो. हा थर पोलादाच्या मानाने दुबळा असल्याने सहज कापला जातो व त्यामुळे धातूचे जुळणे टळते. थर निघून गेला की पुढच्या भिडण्यात तो पुन्हा तयार होतो. म्हणजे दाता वाचविण्यासाठी त्याच्या पृष्ठाचा सूक्ष्म अंश सतत खर्ची पडत असतो. अतिदाब पूरक हे वस्तुतः नियंत्रित संक्षारण होय. गिअर तेलाच्या डब्यातून येणारा उग्र वास या गंधकाचाच असतो. संक्षारण नियंत्रणात राहिले तर ते रक्षक ठरते आणि नियंत्रण सुटले तर भक्षक. तेलाच्या निवडीतील बहुतेक प्रश्न या एका गोष्टीतून उद्‍भवतात.

शास्त्रीय उपपत्ती : तेलाचा थर भार कसा उचलतो, याचा उलगडा इंग्लंडमध्ये बोशँप टॉवर यांचे १८८३ मधील प्रयोग व ऑझ्बर्न रेनल्ड्झ यांचा १८८६ मधील सिद्धांत यांनी झाला. फिरणारा दंड आपल्याबरोबर तेल ओढून पाचरीसारखा दाबयुक्त थर निर्माण करतो व त्यावर तरंगतो. या अवस्थेत तेलाची श्यानता (दाटपणा) हाच महत्त्वाचा गुण असतो. थर अत्यंत पातळ झाला म्हणजे श्यानतेऐवजी पृष्ठाला चिकटलेल्या रेणूंचे रासायनिक गुण निर्णायक ठरतात. या अवस्थेला विल्यम हार्डी यांनी १९२२ मध्ये सीमावर्ती वंगणक्रिया हे नाव दिले. नेदर्लंड्समधील हार्मेन ब्लोक यांनी १९३७ मध्ये संपर्कबिंदूवरील क्षणिक तापमानाचे गणित मांडले. त्यामुळे ओरबाडण्याचे कारण व अतिदाब पूरकांचे कार्य यांची सांगड घालता आली. दात्यांमधील प्रचंड दाबाखाली तेल स्वतःच घट्ट होते व पोलादही किंचित चेपते. या दोहोंमुळे मिमी.च्या हजाराव्या भागाहून पातळ असा थरही टिकू शकतो, हे १९४० नंतरच्या संशोधनाने स्पष्ट झाले. तेव्हा श्यानता व पूरके हे दोन वेगवेगळे गुण असून एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही. तेल निवडताना हा भेद प्रथम ध्यानात घ्यावा लागतो.

मानके व चाचण्या : एकाच तेलाने सर्व प्रकारचे काम भागत नाही, हा अनुभव लवकरच आला. हलकी मोटारगाडी वेगाने धावते व तिच्या आसाला अचानक धक्के बसतात. मालमोटार हळू चालते. पण चढणीवर तिच्या दात्यांवर दीर्घकाळ मोठा पीळ येतो. गंधक पहिल्या परिस्थितीत विशेष उपयोगी पडते, तर सावकाश व जड कामात होणारी झीज फॉस्फरसाच्या संयुगांनी रोखली जाते. दुसऱ्या महायुद्धात असंख्य प्रकारच्या वाहनांना पुरेल असे एकच तेल अमेरिकी लष्कराला हवे होते. त्यासाठी २–१०५ या क्रमांकाचा विनिर्देश तयार करण्यात आला. त्यातूनच १९५० मध्ये एमआयएल–एल–२१०५ व, एंजिनांची शक्ती वाढल्यावर, १९६२ मध्ये अधिक कडक असा एमआयएल–एल–२१०५बी हा विनिर्देश निघाला.

या विनिर्देशांशी जुळणारी व नागरी वापरात सर्वत्र रूढ झालेली वर्गवारी अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची आहे. तिच्यात जीएल–१ ते जीएल–६ असे वर्ग होते. जीएल–१ म्हणजे अतिदाब पूरकांविना खनिज तेल. जीएल–४ हे सर्पिल शंकुदंतचक्रांसाठी व मध्यम वेग-भाराच्या हायपॉइड दंतचक्रांसाठी असून ते १९५० च्या विनिर्देशाशी जुळते. जीएल–५ हे वेगवान धक्के व मंद-जड पीळ ही दोन्ही सोसणाऱ्या हायपॉइड आसासाठी असून १९६२ च्या विनिर्देशाशी जुळते. त्यातील अतिदाब पूरकांचे प्रमाण जीएल–४ तेलाच्या साधारणतः दुप्पट असते. जीएल–१, २, ३ व ६ हे वर्ग आता प्रचारात नाहीत. जीएल–५ तेलाची परीक्षा प्रत्यक्ष आसावर घेतात. एल–३७ या चाचणीत मंद वेग व मोठा पीळ, एल–४२ मध्ये मोठा वेग व धक्के, एल–३३ मध्ये पाणी मिसळले असता येणारा गंज आणि एल–६० मध्ये उष्णतेने होणारे तेलाचे ऑक्सिडीकरण तपासले जाते.

चाचण्या कडक होत गेल्या तशी पूरकेही बदलली. क्लोरीनयुक्त संयुगे ओलाव्याच्या सान्निध्यात आम्ल निर्माण करून गंज आणीत, तर शिसे विषारी होते. १९६० नंतर गंधक व फॉस्फरस यांच्या जोडसंयुगांनी या दोहोंची जागा घेतली आणि आजही बहुतेक हायपॉइड तेले याच जातीची आहेत.

देवमाशाचे तेल : दंतचक्रांच्या वंगणाचा एक दुवा सागरातील सर्वांत मोठ्या दंतधारी प्राण्याशी, स्पर्म देवमाशाशी, होता. त्याच्यापासून मिळणारे तेल रासायनिक दृष्ट्या तेल नसून मुख्यतः द्रवरूप मेण असते. ते पृष्ठाला चिकटते व उष्णतेत टिकते. गंधकाची प्रक्रिया केलेले हे तेल गिअर तेलांत व स्वयंचलित गिअरपेट्यांच्या द्रवांत मोठ्या प्रमाणावर वापरले जाई. अमर्याद शिकारीमुळे हा प्राणी नाहीसा होण्याची चिन्हे दिसू लागली, तेव्हा अमेरिकेने १९७० मध्ये त्याचा संकटग्रस्त प्राण्यांत समावेश करून त्याच्या तेलाची आयात बंद केली. तेल उद्योगाला घाईने पर्यायी संयुगे शोधावी लागली व काही काळ स्वयंचलित गिअरपेट्यांमध्ये बिघाडांचे प्रमाण वाढले. अमेरिका व मेक्सिको येथील सोनोरन वाळवंटात वाढणाऱ्या होहोबा या झुडपाच्या बियांतील द्रव मेण स्पर्म तेलासारखेच असल्याचे दिसल्यावर त्याची लागवड होऊ लागली. तथापि मुख्य जागा कृत्रिम एस्टरे व गंधकयुक्त वनस्पतिज तेले यांनी घेतली. आंतरराष्ट्रीय देवमासे आयोगाने १९८२ मध्ये व्यापारी शिकार थांबविण्याचा ठराव केला व तो १९८५–८६ च्या हंगामापासून अमलात आला.

पिवळे धातू : पोलादाच्या दात्याला वाचविणारे गंधक तांब्याला मारक असते. तांब्याशी त्याचा संयोग होण्यास क्षणिक उष्णतेची वाट पाहावी लागत नाही. सामान्य कार्यतापमानातही तांबे, पितळ व कासे यांवर काळपट थर चढतो व तो घासून जात राहतो. कॅडिलॅक कंपनीने १९२८ मध्ये प्रचारात आणलेल्या समवेगी गिअरपेटीत दोन चक्रांचे वेग जुळविण्यासाठी शंकूच्या आकाराची कडी असते व ती बहुधा पितळेची वा कास्याची करतात. हायपॉइड आसासाठी केलेले क्रियाशील गंधकाचे तेल अशा पेटीत घातल्यास कडी झिजते. शिवाय कडीला आपले काम करण्यासाठी थोडे घर्षण आवश्यक असते. अतिनिसरड्या तेलाने तेही मिळत नाही आणि गिअर बदलताना कुरकुर होते. मळसूत्र दंतचक्राचा आस असलेल्या गाड्यांनाही हा धोका असतो, कारण त्यातील मोठे चक्र कास्याचे असते. प्यूझो कंपनीच्या ४०३ व ४०४ या गाड्यांत असा आस होता.

म्हणून जीएल–५ हे जीएल–४ पेक्षा ‘वरचे’ तेल आहे, असे समजून ते सर्वत्र वापरणे चूक आहे. उलट, हायपॉइड आसात जीएल–४ किंवा साधे खनिज तेल घालणेही तितकेच चुकीचे आहे. पहिल्या चुकीचे फळ सावकाश मिळते व दुसरीचे त्वरेने, एवढाच फरक. अलीकडच्या अनेक जीएल–५ तेलांत गंधकाची क्रियाशीलता मर्यादित ठेवून तांब्याचे रक्षण करणारी द्रव्येही घातलेली असतात. तरी केवळ जीएल–५ या शब्दावरून ते पितळेला निर्धोक आहे असे ठरत नाही. उत्पादकाने तसे स्पष्ट सांगितलेले असावे लागते.

श्यानतेचे क्रमांक : गिअर तेलाच्या डब्यावरील दुसरा निर्देश श्यानतेचा असतो. तो अमेरिकेतील सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह एंजिनिअर्स या संस्थेच्या जे३०६ या मानकाप्रमाणे देतात. या मानकातील क्रमांक एंजिन तेलांच्या क्रमांकांहून वेगळ्या मोजपट्टीचे असतात. एसएई ९० हे गिअर तेल एसएई ४० वा ५० या एंजिन तेलाइतकेच दाट असते. १००° से. तापमानास एसएई ९० ची श्यानता १३·५ ते २४ सेंटिस्टोक असे. २००५ मध्ये हा विस्तृत पट्टा विभागून १८·५ पर्यंत एसएई ९० व त्यापुढे एसएई ११० असे करण्यात आले. एसएई १४० ची श्यानता २४ पासून सुरू होते. ‘डब्ल्यू’ हे अक्षर थंडीतील प्रवाहिता दाखविते. ७५डब्ल्यू तेल उणे ४०° से., ८०डब्ल्यू उणे २६° से. व ८५डब्ल्यू उणे १२° से. तापमानापर्यंत ठरीव मर्यादेत प्रवाही राहते. ८०डब्ल्यू–९० असा जोडक्रमांक असलेले तेल थंडीत ८०डब्ल्यू प्रमाणे व तापल्यावर ९० प्रमाणे वागते. श्यानतेचा क्रमांक अतिदाब गुणाविषयी काहीच सांगत नाही. एसएई ९० हे साधे खनिज तेल असू शकते, जीएल–४ असू शकते किंवा जीएल–५ ही असू शकते.

सरकमर्यादी विभेदी माला : सामान्य विभेदी मालेचा एक दोष असा की, एक चाक चिखलात अडकले तर ते जागीच गरगर फिरते व दुसऱ्या चाकाला पुरेसा पीळ मिळत नाही. जर्मनीतील झेडएफ कंपनीने १९३५ च्या सुमारास शर्यतीच्या गाड्यांसाठी ही उणीव दूर करणारी माला केली. अमेरिकेत १९५६ पासून ती सामान्य गाड्यांतही मिळू लागली. तिच्या एका प्रचलित प्रकारात लहान घर्षणचकत्या असतात. नेहमीच्या हायपॉइड तेलात या चकत्या अडखळत सुटतात व वळणावर थरथर जाणवते. यासाठी तेलात घर्षणाचे स्वरूप बदलणारे आणखी एक पूरक घालतात. अशा आसाला हे विशेष तेलच वापरावे लागते.

भारतातील परिस्थिती : महायुद्धोत्तर काळात मुंबईत जोडणी होऊ लागलेल्या विलिस जीपच्या आसात, तसेच उत्तरपाडा येथे २०१४ पर्यंत तयार होत असलेल्या अँबॅसडर गाडीच्या मागील आसात हायपॉइड दंतचक्रे होती. त्यामुळे ‘हायपॉइड ९०’ हा शब्द येथील कारागिरांच्या तोंडी रुळला. ‘नव्वद नंबर’ व ‘एकशेचाळीस नंबर’ अशीही तेलांची नावे पडली. या नावांत श्यानता सांगितली जाते, वर्ग सांगितला जात नाही. एका डब्यातील तेल गिअरपेटीत व आसात दोन्हीकडे घालण्याची चूक यातून होते.

सपाटीच्या उष्ण प्रदेशात एसएई ९० व जड मालमोटारींसाठी एसएई १४० ही तेले दीर्घकाळ प्रचलित राहिली. हिमालयातील रस्त्यांवर ८०डब्ल्यू–९० किंवा ७५डब्ल्यू–९० यांसारखे तेल आवश्यक ठरते. सह्याद्रीतील बोर घाट किंवा कसारा घाट चढताना भरलेल्या मालमोटारीच्या दात्यांवर मंद वेगात मोठा पीळ दीर्घकाळ येतो. उतरताना एंजिनाच्या रोधाचा उपयोग केल्यास भार दात्याच्या विरुद्ध बाजूवर येतो. एल–३७ चाचणीत जे थोड्या वेळात घडवितात, ते घाटात रोजच घडत असते. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी नेल्यास तापलेले कवच एकदम थंड होते, आतील हवा आकुंचन पावते व रोधककडीतून किंवा श्वासनळीतून पाणी आत ओढले जाते. असे तेल दुधाळ दिसते व ते तत्काळ बदलणे जरूर असते.

योग्य तेलाची निवड : निवडीचा क्रम पुढीलप्रमाणे सांगता येईल. प्रथम आसातील दंतचक्राचा प्रकार पाहावा. मागील चाके चालविणाऱ्या बहुतेक गाड्यांत तो हायपॉइड असतो व त्यास जीएल–५ लागते. दुसरे, त्याच तेलाच्या संपर्कात पितळ वा कासे येते काय ते पाहावे. पुढील चाके चालविणाऱ्या अनेक गाड्यांत, उदा., भारतात १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० मध्ये, एंजिन आडवे असते. विभेदी माला गिअरपेटीतच असते व तिची मुख्य जोडी तिरप्या दात्यांच्या दंडगोलाकार चक्रांची असते. तेथे हायपॉइड घसरण नसते. पण समवेगी कड्या असतात. म्हणून सामान्यतः जीएल–४ किंवा उत्पादकाने सांगितलेले तेल वापरतात. ब्रिटनमध्ये १९५९ मध्ये निघालेल्या मिनी गाडीत तर एंजिनाचेच तेल गिअरपेटी व विभेदी माला यांनाही पुरविले जाई. तिसरे, सरकमर्यादी माला आहे काय ते पाहावे. यानंतरच हवामान व भार यांनुसार श्यानता ठरवावी. गाडीच्या पुस्तिकेतील शिफारस या सर्व बाबींचा विचार करूनच दिलेली असते.

जरुरीपेक्षा दाट तेलाने आवाज दबतो, पण मंथनात शक्ती वाया जाते, तेल तापते व पिनियनच्या धारव्यापर्यंत ते उशिरा पोहोचते. जुनी गाडी विकताना झिजलेल्या दात्यांचा आवाज दडविण्यासाठी कवचात लाकडाचा भुसा भरण्याचा प्रकार पूर्वी परदेशांत कुप्रसिद्ध होता. अतिशय दाट तेल घालून आवाज बंद करणे हे याच जातीचे आहे, कारण त्यात झीज थांबत नाही. ती केवळ ऐकू येईनाशी होते.

तेलाची पातळी गाडी सपाटीवर उभी असता भरणछिद्राच्या खालच्या कडेपर्यंत असावी. कमी तेलाने धारवे कोरडे पडतात. अधिक तेलाने फेस होतो, दाब वाढतो व तेल रोधककड्यांतून बाहेर पडून मागील चाकांच्या रोधकपट्ट्यांवर जाते. अशा वेळी गाडी थांबविण्याची शक्ती घटून अपघात होऊ शकतो. नव्या दंतचक्रांच्या पृष्ठावरून सुरुवातीस बारीक धातुकण निघतात, म्हणून पहिले तेल लवकर बदलणे हितकारक असते. निचरा करताना तेलाचा रंग, वास व तळाशी आलेले कण पाहावेत. बारीक राखाडी भुकटी सामान्य असते. चमकदार खपल्या दात्याचा वा धारव्याचा ऱ्हास दर्शवितात.

अलीकडील प्रवृत्ती : १९७३ च्या तेलटंचाईनंतर इंधनाची बचत करण्यासाठी पातळ तेलांकडे कल वाढला. कृत्रिम हायड्रोकार्बनांपासून केलेली ७५डब्ल्यू–९० सारखी तेले थंडीत पातळ राहतात व उष्णतेत श्यानता टिकवितात. त्यांमुळे तेल बदलण्याचे अंतरही वाढले. विजेवर चालणाऱ्या मोटारगाड्यांत अनेक गिअरांची पेटी सामान्यतः नसते. परंतु वेग कमी करणारी दंतचक्रे व विभेदी माला असतात. त्यांपैकी काहींत दंतचक्रांचे तेलच विद्युत् चलित्राला थंड ठेवण्यासाठी त्याच्या तांब्याच्या गुंडाळ्यांवर सोडतात. त्यामुळे तेलाने दाते वाचवावेत, तांबे खाऊ नये व विजेचे वहनही मर्यादेबाहेर करू नये, अशा तीन अपेक्षा एकदम उत्पन्न झाल्या आहेत. पोलाद व तांबे यांच्या परस्परविरोधी गरजांचा मेळ घालण्याचा जो प्रश्न हायपॉइड दंतचक्राने निर्माण केला, तो अशा प्रकारे नव्या वाहनांतही कायम राहिला आहे.